पडद्यावरचा अंगठा

पातेलं तिच्या कानाजवळून गेलं आणि भिंतीचा पोपडा घेऊनच खाली पडलं.

"नेम चुकला," ऑपरेटरीण म्हणाली आणि पातेलं उचलून मोरीत ठेवलं. नवरा थिएटरात मशीन चालवायचा, म्हणून सगळी गल्ली तिला ऑपरेटरीणच म्हणायची.

"नेम माझा नाही, नशीब चुकलं," सासू म्हणाली. "वांझेच्या हातचं खाऊन जीभसुद्धा मेली माझी. मीठ कुठंय यात?"

शेजारची शिंपीण दारातच उभी होती. या घरात भांडी उडायची याची तिला सवय होती. तिनं मुद्दाम दुसरा विषय काढला. "मावशी, तुमच्या मुलाच्या थेटरात लागलाय तो पिक्चर बघा. मी बहिणीकडे गेले होते ना, तिकडं बघितला. मूल नसलेलं जोडपं आहे. सासू सुनेला नुसती सोलून काढते. आणि शेवटी जेवताना मुलगा सगळ्यांसमोर सांगतो, दोष माझ्यात आहे म्हणून. अहो, अख्खं थेटर गप्प!"

"असे मुलगे पिक्चरमध्येच," सासू म्हणाली. पण रविवारी दुपारी सुनेला घेऊन ती निघाली. मुलाच्या थिएटरात तिला फुकट खुर्ची मिळायची, आणि सुनेला सोलणारी सासू तिला बघायचीच होती.

दोघी मधल्या रांगेत बसल्या. पडद्यावरची सासू सुनेचे केस धरून ओढत होती. मागच्या बाकांवरून शिट्ट्या येत होत्या. ऑपरेटरीण हात मांडीखाली दाबून बसली होती. तीही नवऱ्याबरोबर दवाखान्यात गेली होती. तपासण्या दोघांच्या झाल्या होत्या, निकाल आणायला मात्र तो एकटाच गेला. संध्याकाळी चप्पल काढता काढता म्हणाला होता, "तुझ्यातच आहे. आता रडू नकोस." ती रडली नव्हती. त्या दिवसापासून वांझ म्हटलं की ती ओ द्यायला शिकली होती.

पडद्यावर जेवणाचा प्रसंग आला. मुलानं पाण्याचा पेला खाली ठेवला, आईकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

टप्.

पडद्यावर एकदम सून भांडी घासत होती.

"ए ऑपरेटर! झोपला का रे?" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"बघ," सासू तिच्या कानाशी लागली, "थापाडी आहे ती शिंपीण. म्हणे सगळ्यांसमोर सांगतो!"

पण ऑपरेटरिणीनं त्या 'टप्'बरोबर दुसरंही काही पाहिलं होतं. पापणी लवावी इतकाच वेळ पडद्यावर एक डाग चमकून गेला होता. दाराएवढा, वळ्यावळ्यांचा. लग्नानंतरच्या दिवसांत ती केबिनमध्ये डबा घेऊन जायची, तेव्हा तिला रीळ गुंडाळायचं, मशीनवर चढवायचं वेड लागलं होतं. फिल्म जोडताना नवऱ्याच्या अंगठ्याला नेहमी चिकटा लागायचा आणि ठसा उमटायचा. "सही केलीत," ती हसायची. "लोक नटाला बघतात, मी तुमचा अंगठा बघते."

ती उठली.

"कुठं निघालीस?" सासू म्हणाली. "बस खाली."

केबिनचा लोखंडी जिना तिनं धावतच चढला. आत शिरून दाराला कडी घातली. आत भट्टीसारखं तापलं होतं. बनियनवर उभा असलेला नवरा दचकला.

"तुकडा कुठं आहे?"

"कसला तुकडा? खाली जा, आई एकटी आहे."

"त्यानं तोंड उघडलं, तिथला."

"फिल्म आलीच तशी."

"अंगठाही आला का फिल्मबरोबर?"

त्यानं तिच्या तोंडावर मारलं. उलट्या हाताचा फटका होता. ओठ फुटला, डोकं भिंतीवर आपटलं. ती पडली नाही. कापलेला तुकडा फेकायचा नाही, फिल्म परत जाताना जोडून द्यायचा, हा त्याच्या धंद्याचा नियम तिला ठाऊक होता. कोपऱ्यात पत्र्याची पेटी होती. ती तिकडे वळली. त्यानं तिचे केस धरले, ती फरपटत का होईना पेटीशी पोचली. झाकण उघडलं तेव्हा त्यानं आत हात घातला. तिनं सगळा भार देऊन झाकण आपटलं.

तो ओरडला. अंगठ्याचं नख मुळासकट उलटलं होतं.

तेवढ्यात रीळ संपलं. पुढचं लावायला कुणी नव्हतं. खाली पडदा पांढराफटक झाला आणि थिएटर उसळलं. शिव्या, बाटल्या, मग खुर्च्यांची लाकडं मोडल्याचे आवाज. कुणी जिन्यावर चढून दारावर लाथा मारू लागलं. "बाहेर ये! तंगड्या तोडतो!"

"पुढचं रीळ लाव," तो हात पोटाशी धरून म्हणाला. "मारतील मला."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"आता हे..."

"काय म्हणाले होते?"

दारावरची कडी वाकत होती. तो जमिनीकडे बघत होता.

"बोल ना," ती म्हणाली. इतक्या वर्षांत ती त्याला पहिल्यांदाच अरेतुरे करत होती.

 तिनं पेटीतली ती बशीएवढी तुकड्याची गुंडाळी दुसऱ्या मशीनवर चढवली, दिवा पेटवला आणि खटका ओढला.

पडद्यावरच्या मुलानं तोंड उघडलं. "आई, तिच्यात काही दोष नाही. माझ्यात आहे. मी खोटं बोललो."

"नामर्द!" खालून कुणीतरी ओरडलं. थोडे हसले. मग हसणंही थांबलं, दारावरच्या लाथाही थांबल्या.

ऑपरेटरिणीनं भिंतीतल्या चौकोनी झरोक्यातून खाली पाहिलं. सगळे पडद्याकडे बघत होते. मोडक्या खुर्च्यांत एकटी सासू पडद्याला पाठ करून बसली होती. प्रकाश जिथून येत होता, त्या झरोक्याकडे ती बघत होती.

ती खाली आली तेव्हा सासू उभी राहिली. सासूच्या हाताला लाकूड लागून खरचटलं होतं.

"ओठ पूस," सासू म्हणाली.

"असू दे. दिसू दे."

ऑपरेटरीण घरी गेली नाही. आपल्या बहिणीकडे गेली, ती तिकडेच राहिली.

संध्याकाळच्या खेळाआधी ऑपरेटरनं तो तुकडा परत जागेवर जोडला. त्याच जखमी हातानं, अंगठ्यावर बांधलेली चिंधी सोडून. पुढे ती फिल्म डब्यांत भरून दुसऱ्या गावांना गेली. तिथं जेवणाचा प्रसंग येतो, मुलगा पेला खाली ठेवतो, आणि त्यानं बोलायच्या आधी पडद्यावर काहीतरी तांबूस चमकून जातं. लोकांना वाटतं, फिल्म जुनी झाली.