दीपगृहाची बोट किती वाजता?

मी एक जुना ड्रॉपडाउन आहे. मित्रांनो, बोटींच्या तिकीट कचेरीच्या वेबपेजवर एक बारीकशी चौकट असते ना, शेजारी खाली तोंड केलेला बाण असलेली? तोच मी. बाण दाबला की माझ्या पोटातून सगळ्या धक्क्यांची नावं खाली उतरतात. त्यातलं एक निवडलं की खालची बोटीची वेळ, भाडं आणि चित्र क्षणात बदलतं. बाकीचं पान जागचं हलतही नाही. आहे की नाही गंमत?

मला घडवलं तिकीट खिडकीवरच्या मावशींच्या भाचीने. "नाव बदललं रे बदललं, की वेळ बदलायची," एवढंच तिने मला शिकवलं. माझा कामाचा पहिलाच दिवस, नवं वेळापत्रकही त्याच दिवशी लागू झालेलं, त्यामुळे सगळी भिस्त माझ्यावर. मी नुसता उड्या मारत होतो! मावशींनी 'मोठा बाजार' निवडला, वेळ हजर. 'मिठागर' निवडलं, तीही हजर. "आमची पोरगी हुशार निघाली हो," त्या रांगेला ऐकवू लागल्या. मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसलो.

तेवढ्यात सुईणबाई धापा टाकत आल्या. "दीपगृहावर बाळंतीण अडलीय. बोट किती वाजता आहे?"

मावशींनी पान नव्याने उघडलं. दीपगृह हे यादीतलं पहिलंच नाव, त्यामुळे ते चौकटीत आधीपासून दिसत होतं. खाली मात्र सगळं कोरं. मावशींनी बाण दाबून दीपगृहच निवडलं. पुन्हा निवडलं. तरी कोरंच. मी तरी काय करणार? नाव बदललंच नव्हतं, आणि बदललं तरच बोलायचं अशी मला आज्ञा. वेळ अगदी ओठांवर होती, पण बाहेर येईना.

"आज बोट नाहीसं दिसतंय, बाई," मावशी म्हणाल्या. सुईणबाई मागे वळल्या.

आतल्या टेबलावरून भाची ताडकन उठली. "मावशी, थांब. आधी दुसरं कुठलंही नाव निवड, मग परत दीपगृहावर ये."

मिठागर. मग दीपगृह. आणि माझं तोंड उघडलं! बोट आत्ताच सुटणार होती. "पळा बाई, तिकिटाचं मी बघते," मावशी म्हणाल्या. सुईणबाईंनी पिशवी काखोटीला मारली आणि खलाशी फळी काढत असतानाच त्या बोटीत चढल्या.

दुपारी फोन आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. मावशींनी भाचीची पाठ थोपटली आणि लगेच कानही धरला. "अगं, पण त्या पहिल्या नावाने तुझं काय घोडं मारलं होतं?" भाचीने त्याच दिवशी मला नवा धडा दिला: पान उघडताक्षणी, कुणी हात लावायच्या आधीच, पहिल्या नावाची वेळ सांगायची.

आता लोक नकाशावर बोट ठेवून धक्का शोधतात. माझ्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, उद्या तुम्हीही असे ड्रॉपडाउन घडवाल. तेव्हा सगळी नावं निवडून बघा, पण पहिलं विसरू नका. जे आधीपासून समोर असतं, त्याचीच विचारपूस राहून जाते. आणि त्या धक्क्यावरही कुणीतरी वाट बघत असतं.