पायथनमधलं तुडीलचं घर

तुडील गावातलं आमचं घर मी पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत बांधलं. महाडच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवत होते. दुपारी मशीन रिकामी असायची आणि मीही. गोष्ट साध्या फाइलमध्ये लिहायची, पायथन ती वाचून खेळासारखी चालवणार. खेळणाऱ्यानं इंग्रजी अक्षरांत 'पडवीत जा', 'माठ बघ' असं टाइप केलं की पुढचा मजकूर समोर येणार.

खेळणारा एकच. नौमान, माझा नवरा, सहा वर्षं कुवेतला. जूनअखेर त्याला आणखी तीन वर्षांच्या करारावर सही करायची होती. करू नको, परत ये, एवढंच मला सांगायचं होतं. फोनवर बोलावं तर शेजारी सासू, हाजराबी, कान टवकारून बसलेली. मेलमध्ये लिहिता आलं असतं, पण मी हट्टी. आधी त्यानं मला हाक मारावी, मग मी बोलेन! म्हणून ते वाक्य मी त्या घरात दडवलं. 'माहरुख' टाइप केलं की मी चुलीपासून उठून बोलणार. मेलमध्ये तो मला माहरुखच लिहायचा.

खेळ मी त्याला मेलनं पाठवला. त्यानं जे जे टाइप केलं ते एका फाइलमध्ये उतरत होतं. ती त्यानं परत पाठवली. पडवी, माठ, सावित्री नदीकडची पायवाट, सगळीकडे फिरला होता. मग स्वयंपाकघरात शिरला आणि टाइप केलं, 'अगो.'

'असं कुणी इथं नाय,' माझं घर म्हणालं.

'अगो, कुठं हायस?'

'असं कुणी इथं नाय.'

चौदा वेळा.

आमच्याकडे घरात मोठ्यांसमोर बायकोचं नाव घेत नाहीत. लग्नापासून तिथं त्यानं मला 'अगो'च म्हटलंय. घर मी इतकं हुबेहूब केलं की तो त्यात घरच्यासारखाच वागला. आणि मी शहाणी मेलमधलं नाव धरून बसले.

सोबत पत्र होतं. "माहरुख, घर अगदी आपलंच झालंय. तू तेवढी त्यात नाहीस. रागावली असशील. मग येऊन तरी काय करू? काल सही केली."

मी क्लासमध्येच रडले. मग फाइल उघडून 'अगो'ची एक ओळ घातली. गोष्ट चालवली, पडवीतून स्वयंपाकघरात गेले आणि मीच टाइप केलं, 'अगो.'

मी लगेच चुलीपासून उठले. 'बस झालं,' म्हणाले. 'सही करू नको. घरी ये.'