सेंट उसाचा का द्राक्षाचा?

पैज लागली ती आष्ट्यात, सुभेदार इंद्रजितच्या कट्ट्यावर, आणि लागली ती एका रिकाम्या खोक्यापायी.

खोकं सेंटचं. गल्लीतला टवाळखोर बाळासो सांगलीच्या मोठ्या दुकानातनं आणलेली बाटली सकाळीच शेजारच्या इलाही नदाफला, गादीवाल्याला, देऊन आला होता आणि आता नुसतं खोकं घेऊन गल्लीभर मिरवत होता. फौजेतनं रिटायर झालेल्या सुभेदारानं चष्मा लावला, खोक्यावरचं बारीक इंग्रजी वाचलं आणि मिशीत हसला.

"बाळ्या, ह्यात ऐंशी टक्के अल्कोहोल हाय की रं!"

"म्हंजे?"

"म्हंजे दारू. मुसलमानाला दारूची बाटली दिलीस गड्या. अन् ती बी पाच वेळा नमाज पढणाऱ्याला."

बाळासोनं खोकं पाठीमागं लपवलं. पण पन्नास वर्षं ज्यानं दुसऱ्याचंच तोंड पाडलं, तो आपलं कशाला पडू देतोय? "आवं, प्यायला न्हाई, लावायला दिलाय. येत्या जुम्म्याला त्योच सेंट लावून मशिदीत जातोय का न्हाई बघा."

"न्हाई जायचा."

"लागली?"

"लागली. जो हरंल त्यानं बाजारादिवशी माझ्या म्हशीला भर चौकातनं फिरवायची. डोक्यावर छत्री धरायची."

"कुणाच्या?"

"म्हशीच्या! अन् तिला मॅडम म्हणायचं."

शेजारच्या बिराप्पानं मधे हात घालून पैज पक्की केली. सगळे हसले. बाळासोही हसला, पण ते वरवरचं. म्हशीचं त्याला काय वाटत नव्हतं. त्याला टोचत होतं ते दुसरंच.

गेल्या रमजानात त्याच्या बायकोचं, मायाचं, सांगलीच्या दवाखान्यात पिशवीचं ऑपरेशन झालं आणि रक्त थांबेना. जुळणारं रक्त निघालं ते एकट्या इलाहीचं. त्याचा रोजा. डॉक्टर म्हणाले, उपाशी माणसाचं रक्त घेत नाही. इलाहीनं एका शब्दानं वाद घातला नाही. चार बिस्किटं खाल्ली, पाणी प्यायला आणि बाही वर केली. पुढं ईद झाल्यावर, अंगाची काहिली होणाऱ्या उन्हात, त्यानं तो राहिलेला रोजा एकट्यानं भरून काढला. त्या दिवशी चहाला नको म्हणाला, म्हणून तेवढं बाळासोला कळलं.

आणि अशा माणसाला आपण दारू दिली! आभार मानायचे होते. पण तासन्तास टवाळी करणारं ते तोंड, त्यातनं तेवढा एक शब्द निघेना, म्हणून तर सेंट आणला होता.

तीन दिवस बाळासो काही ना काही निमित्त काढून इलाहीजवळनं जायचा आणि कुत्र्यासारखं नाक वर करून हुंगायचा. वास कापसाचा. सेंटचा पत्ता नाही. चौथ्या दिवशी, बेस्तरवारी, जुम्म्याच्या आदल्या दिवशी, त्यानं सरळ मशीद गाठली.

"मौलानासाब, सेंटमधली दारू मुसलमानाला चालती का?"

मौलाना हसले. "पिता का लावता?"

"लावायला! अन् मी न्हाई, इलाही."

"हे बघा बाळासो. नशा पिणं हराम, त्यात दोन मतं नाहीत. सेंटचं निराळं आहे. द्राक्षाची नाहीतर खजुराची दारू असंल तर ती नापाक, अंगाला लागली तर नमाज कशी पढायची? पण सेंटात बहुतेक करून ऊस, मका असल्या मालाचं नाहीतर कारखान्यात रसायनापासनं केलेलं अल्कोहोल असतं. म्हणून पुष्कळ आलिम, म्हणजे धर्माचे जाणकार, म्हणतात, लावा. काही आलिम म्हणतात, त्याच्यापासनंबी लांब राहा. ज्याच्या मनात शंका आहे त्यानं आपलं साधं अत्तर लावावं."

दोन एकर ऊस लावणाऱ्या बाळासोनं ह्यातलं नेमकं एकच उचललं. "म्हंजे उसाची चालती, द्राक्षाची न्हाई?"

"सोप्या भाषेत, हो."

"आयला! म्हंजे आमी उसवाले आष्टेकर पास, अन् द्राक्षवाले तासगावकर नापास!"

मौलानांना हसू आवरेना. बाळासो तिथनं उठला तो थेट इलाहीच्या दुकानात.

इलाही मांडी घालून गादीला टाके मारत होता. बाटली फळीवर, जवळजवळ भरलेली. आणि शेजारी खिळ्याला एक पांढरी चिंधी टांगलेली.

"हे काय रं?"

"तुझाच सेंट. चिंधीवर मारून ठिवलाय. निळी पडती का भोकं पडत्यात, बघतोय." इलाहीनं दातानं दोरा तोडला. "माझ्या कापसात खाजकुयली घातली हुतीस. आठ दिस खाजवत हुतो गड्या, मी अन् गिऱ्हाईक बी."

एरवी ह्या आठवणीवर बाळासो लोळून हसायचा. आज तो तिथंच कापसाच्या ढिगावर बसला.

"ह्यात काय बी न्हाई रं, इलाही. नुसता सेंट हाय. मायाला रक्त दिलंस... आभार म्हणायचं हुतं. तोंडातनं यीना."

इलाहीची सुई थांबली. "मग सरळ म्हणायचं."

"तू खरं मानलं असतंस? म्हणला असतास, बाळ्या आता खालनं खुर्ची वढणार."

इलाहीनं जरा विचार केला. "व्हय. म्हणलो असतो."

मग बाळासोनं दारूचं सांगितलं, मौलानांचं सांगितलं, उसाचं आणि द्राक्षाचं सांगितलं. इलाही मान हलवत राहिला. "म्हाईत हाय मला. माझा भाचा लावतो असला सेंट, त्यो काय चूक करत न्हाई. पर माझं मन घेत न्हाई बघ. नमाजाला हुभा ऱ्हायचं अन् मनात किडा वळवळत ठिवायचा, त्यात काय उपेग?" तो उठला आणि त्यानं बाटली खाली घेतली. "पर पैज लागलीया म्हणं. आक्ख्या गल्लीला म्हाईत हाय. उद्या जुम्मा. एक थेंब लावतो. तुझी बेअब्रू कशापायी?"

त्यानं टोपण काढलंसुद्धा. बाळासोनं झडप घालून त्याचं मनगट धरलं.

"न्हाई लावायचा! एकदा माझ्या बायकोपायी रोजा मोडलास. आता सुभेदाराच्या म्हशीपायी नमाजात किडा घालून घेतोस व्हय?"

इलाही त्याच्याकडं बघत राहिला. मग त्याला जे हसू फुटलं, ते गादीत हरवलेली सुई हुडकतानाही थांबेना.

दुसऱ्या दिवशी सुभेदार मशिदीच्या वाटेवर उभा राहिला. इलाही जवळनं गेला. वास नेहमीच्या हिन्याच्या अत्तराचा. पैज सुभेदाराची.

आणि बाजारादिवशी भर उन्हात चौकातनं निघाली म्हैस. गळ्यात झेंडूची माळ, डोक्यावर छत्री, छत्रीच्या दांड्याला बाळासो. "माझ्याकडनं मॅडमना," म्हणून इलाहीनं बाटली सुभेदाराच्या हातात दिली होती, आणि सुभेदारानं तिच्या शिंगांना सढळ हातानं सेंट मारला होता. म्हशीला चार शिंका आल्या.

"बाळासो, एवढा झ्याक वास कुणाचा येतोय रं?" भाजीवाली धोंडुबाई ओरडली.

"मॅडमचा, मावशी. जरा वाट सोडा मॅडमना."

पोरं मागं लागली. सुभेदार मोबाईलवर शूटिंग करत होता. टमाट्याच्या ढिगाशी माया पदरात तोंड खुपसून हसत होती आणि तिच्या बाजूला इलाही उभा होता. त्यांच्यासमोर आल्यावर बाळासोनं म्हैस थांबवली.

"ऐका रं समदी! ह्या इलाही नदाफनं माझ्या मायाला रक्त दिलं. रोजा मोडून दिलं. म्हणून ही आज हितं हुभी ऱ्हाऊन मला हसतीया. लय उपकार झालं गड्या तुझं."

बाळासोला ओळखणारे सगळे पुढच्या टवाळीची वाट बघत राहिले. टवाळी आलीच नाही. इलाहीनं मान खाली घातली, मग वर केली आणि छातीवर हात ठेवला. म्हणाला, "पटलं रं. खरं मानलं."

सुभेदारानं मोबाईल खाली घेतला. "बाळ्या, छत्री वाकडी झाली. मॅडमना ऊन लागतंय. अजून निम्मा चौक ऱ्हायलाय."

"व्हय जी," बाळासोनं छत्री सरळ केली. "चला मॅडम."