शून्य ढाळ

माझा नवरा संघर्ष चाकणला ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनिअर आहे. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्याला दुसरं काहीही कारण नाही. केसाच्या जाडीइतका फरक निघाला तरी अख्खी पेटी परत पाठवणारा हा माणूस. घरात पोळी गोल झाली नाही तर त्याची नजर तिच्यावर दोन सेकंद जास्त रेंगाळते. बोलत मात्र नाही, कारण निम्मे दिवस पोळ्या त्यालाच लाटाव्या लागतात. मी हिंजवडीला कामाला, आणि संध्याकाळी माझी कॅब कधी दारात येईल हे कॅबवाल्यालाही माहीत नसतं.

आमचं घर काळेवाडीत. दोन खोल्या, पुढे छोटं अंगण, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्या कोपऱ्यात मोरी. घरात तीस वर्षांची जुनी शहाबादी फरशी होती, कडा वर आलेली, मधेच हलणारी. एप्रिलमध्ये माझ्या सासूबाईंचं, म्हणजे केसरबाईंचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं की घरात ठेच लागेल असं काही ठेवू नका. त्यामुळे फरशी बदलायची ठरली, आणि तोवर आईंनी माझ्या नणंदेकडे, मिनलकडे, रहाटणीला राहायचं ठरलं.

"आठ दिवस फक्त," संघर्ष म्हणाला. "कंपनीला शटडाऊनची सुट्टी आहे. मी स्वतः करतो."

आईंनी पिशवीत दोनच लुगडी घेतली. लेकीच्या सासरी आठ दिवससुद्धा त्यांना फार वाटत होते. मिनल चांगली, जावई तर त्याहून चांगला, पण आईंचा जीव तिथे आक्रसून जायचा. हॉलमध्ये झोपायचं, जावई उठायच्या आत अंथरूण गुंडाळायचं, चहा दिला तर अर्धा कप पुरे म्हणायचं. हे सगळं मला मिनलनंच फोनवर सांगितलं, आणि सांगताना ती रडली.

आमच्या मागच्या गल्लीत उद्धवराव राहतात. बीडकडचे, फरशीचं काम करून केस पांढरे झालेले. पहिल्याच दिवशी ठोकाठोकी ऐकून ते दारात येऊन उभे राहिले.

"काय करायलाव सायेब? आमाला सांगायचं की. चार दिवसात करून देतो."

"उद्धवराव, तुम्ही नजरेनं काम करता," संघर्ष म्हणाला. "मी मोजून करणार आहे."

"करा की. ढाळ किती ठिवायलाव?"

"शून्य."

"शून्य?"

"शून्य पॉइंट शून्य. ढाळ म्हणजे डिफेक्ट, उद्धवराव."

उद्धवरावांनी मोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी त्या वेळी कानात इअरफोन घालून ऑफिसच्या कॉलवर होते. सगळं ऐकत होते आणि काहीच ऐकत नव्हते. मी त्यांना मान हलवून नमस्कार केला आणि ते निघून गेले. त्या नमस्काराबद्दल मी आजही स्वतःला शिव्या घालते.

मग प्रोजेक्ट सुरू झाला. फ्रिजवर रंगीत तक्ता लागला. रोज सकाळी सात वाजता मीटिंग, आणि मीटिंगला हजर मी एकटी. स्वयंपाकघरात चहा करायला जायचं तर डोक्यावर हेल्मेट. पहिली टाइल बसली तेव्हा तिच्यावर मार्करनं तारीख घालून त्यानं माझी सही मागितली. मी म्हटलं, लग्नाच्या रजिस्टरमध्ये केली तेवढी पुरे नाही का? तर म्हणे, सहीशिवाय पुढची टाइल लावता येत नाही.

शिकवणारा होता मोबाइलमधला एक परदेशी दाढीवाला. तो शिट्टी वाजवत दुपारभरात दिवाणखान्याएवढी फरशी घालायचा आणि शेवटी त्यावर गालिचा टाकून कॉफी प्यायचा. त्याच्या घरात कुणी बादलीनं पाणी ओतत नव्हतं. त्याच्या घरात मोरी नव्हती. हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही, आणि आम्ही दोघंही पदवीधर आहोत.

आठ दिवस झाले तेव्हा पुढची एक खोली झाली होती. नवव्या दिवशी संघर्षनं कंपनीतून मापाचं कसलंसं घड्याळ आणलं, खोलीभर फिरवलं, आणि दाराजवळच्या अकरा टाइल उखडून काढल्या. एका कडेला अर्धा मिलिमीटर फरक होता.

"अर्धा मिलिमीटर कुणाला दिसणार आहे?" मी ओरडलेच.

"मला माहीत आहे ना तो," तो म्हणाला.

सुट्टी तर संपलीच होती. शिफ्ट करून घरी यायचं, जेवायचं, तीन टाइल लावायच्या, त्यातली एक काढायची. मी दीड महिना सिमेंटमिश्रित भात खाल्ला असता, पण एक बरं झालं, पस्तिसाव्या दिवशीच काम संपलं. तोवर आई रोज संध्याकाळी फोन करायच्या. आधी विचारायच्या, "झाली का गं फरशी?" मग विचारायच्या, "किती ऱ्हायली?" विसाव्या दिवसानंतर त्यांनी विचारणंच बंद केलं. जेवलीस का, म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या. मला फार वाईट वाटायचं. मी संघर्षला सांगितलं की त्या थकल्यात, घेऊन ये त्यांना, आपण अंगणात खाट टाकू. तो म्हणाला, "अर्धवट काम डिलिव्हर करत नाही मी."

पस्तिसावा दिवस रविवार होता. संघर्षच्या डिपार्टमेंटचे अजिंक्य आणि प्रितम पेढे घेऊन आले. अजिंक्य गुडघ्यांवर बसून लेव्हलची बुडबुडेवाली पट्टी ठेवून बघत होता. "राव, बबल हलतच नाही! मधोमध! आपल्या लाइनला पण असं येत नाही भावा!" दोघांनी टाळ्या वाजवल्या. फरशी खरंच सुंदर झाली होती, खोटं कशाला बोलू. पुढच्या दारापासून मोरीपर्यंत एकसलग, तळ्यासारखी सपाट.

मग आई आल्या. एका हातात काठी, दुसरा हात मिनलच्या खांद्यावर. दारात चप्पल काढून पाऊल ठेवलं आणि म्हणाल्या, "गार हाय गं." बुद्धमूर्तीपुढे त्यांनी मेणबत्ती लावली, हात जोडले आणि बराच वेळ डोळे उघडलेच नाहीत. मग खुर्चीत टेकल्या. "आता हितनं हलायची न्हाई मी."

संघर्षचे डोळे भरून आले. माझेही.

"नेहा," आई म्हणाल्या, "नवी फरशी हाय. दोन बादल्या पाणी मार आन् धुऊन काढ. सिमिटाचा वास जाईल."

यात विशेष काहीच नव्हतं. या घरात दर रविवारी फरशी धुतली जाते. दारापासून पाणी ओतायचं, खराटा मारायचा, पाणी आपलं आपण मोरीत जातं. मी दोन बादल्या ओतल्या.

पाणी पसरलं. सगळीकडे सारखं पसरलं. आणि थांबलं.

"बघ!" प्रितम ओरडला. "कुठंच जाईना पाणी! याला म्हणतात लेव्हल!"

एक मिनिटभर संघर्षची छाती फुगलेली होती, मी स्वतः पाहिली. मग पाणी कपाटाखाली गेलं, गादीच्या कडेला लागलं. मी खराट्यानं ढकललं की पुढे जायचं आणि माझ्या मागून परत यायचं. पुढचे दोन तास आम्ही चौघं आणि मिनल फडक्यांनी पाणी टिपून बादलीत पिळत होतो. नव्या गुडघ्याच्या आई ओल्या गुळगुळीत फरशीच्या मधोमध खुर्चीत पाय वर धरून बसल्या होत्या. त्यांना मोरीला जायचं होतं, पण जाता येत नव्हतं.

शहाण्या माणसानं त्याच संध्याकाळी उद्धवरावांना हाक मारली असती. संघर्षनं मीटिंग घेतली. त्यांच्या कंपनीत काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारतात. पाणी का साचलं? धुतलं म्हणून. का धुतलं? सवय म्हणून. पाचव्या 'का'ला तो जिथे पोचला ते त्यानं दुसऱ्या दिवशी लॅमिनेट करून भिंतीला लावलं. फरशी धुण्यास मनाई. फक्त ओल्या फडक्यानं पुसणे. अपवाद: महिन्यातून एकदा धुतल्यास पूर्ण वाळेपर्यंत आईने मिनलकडे थांबणे.

आईंनी चष्मा लावला आणि एकेका शब्दावर बोट ठेवत सगळं वाचलं. प्रौढांच्या वर्गात शिकलेल्या आहेत त्या, घाई करत नाहीत.

"म्हंजी खराबी माझ्यात निघाली व्हय रे?"

"तसं नाही आई. ही प्रोसेस आहे."

"पस्तीस दिस मी दुसऱ्याच्या हॉलात झोपले. खोकला आला तरी तोंडात पदर धरला, जावयाची झोप मोडंल म्हून. कुणी मला काय बोललं न्हाई, पर मला लाज वाटायची. रोज वाटायचं, आज येईल माझं पोरगं न्यायला." त्यांनी चष्मा काढला. "आन् तू मला परत धाडायचं भिंतीवर लिहून ठिवलंस?"

 संघर्षच्या चेहऱ्यावरचा क्वालिटी इंजिनिअर गळून पडताना मला स्पष्ट दिसला. त्यानं तो कागद भिंतीवरून काढला, चार तुकडे करायला गेला, पण लॅमिनेट केलेला कागद फाटत नाही. शेवटी तसाच घडी घालून खिशात कोंबला आणि चप्पल न घालता मागच्या गल्लीत गेला.

उद्धवराव आले. एक शब्द टोचून बोलले नाहीत, आणि त्याचाच संघर्षला जास्त त्रास झाला. त्यांनी पाण्याची नळी धरून खुणा केल्या, दोरी बांधली आणि सांगितलं की सगळी काढावी लागंल, सायेब. बाईंना चार दिस कुठं तरी ठिवा.

"मी कुठं जाणार न्हाई," आई म्हणाल्या.

"आई, धूळ असेल, आवाज असेल."

"असू दे. माझ्या भवतीनं फोडा."

खरोखर तसंच झालं. चार दिवस आई घरातच राहिल्या. खुर्ची या खोलीतून त्या खोलीत सरकायची, त्या तोंडाला पदर लावून बसायच्या आणि हुकूम सोडायच्या. संघर्षनं रजा टाकली होती. तो माल कालवून द्यायचा, आणि उद्धवराव म्हणायचे, "पाणी जास्ती झालं सायेब," की पुन्हा कालवायचा. कुणीही कशावर सही केली नाही.

चौथ्या दिवशी दुपारी शेवटचा कोपरा राहिला, आईंच्या खुर्चीखालचा. बाकी सगळीकडे ओली, ताजी फरशी. खुर्ची सरकवायला कोरडी जागाच उरली नव्हती.

"आई, ऊठ ना. एवढंच राहिलंय."

"उठून जाऊ कुठं? उचल मला."

संघर्षनं एक हात पाठीखाली आणि एक गुडघ्यांखाली घालून आईला जपून उचललं. एकाच माणसाचं वजन पेलेल अशी अरुंद फळी टाकून मी आले आणि खुर्ची काढून घेतली. तो दोन्ही पाय जवळ घेऊन वीतभर जागेत उभा राहिला. उद्धवराव त्याच्या पायाशी बसून थापीनं माल सारखा करू लागले. तसे ते फार चटपटीत आहेत, पण त्या दिवशी त्यांनी मुळीच घाई केली नाही.

संघर्षनं आईला जरा वर सरकवून पुन्हा नीट धरलं. मानेवरून घाम ओघळत होता.

"उद्धवराव, आवरा हो. ठेवू कुठे आता हिला?"

उद्धवरावांनी मान वर केली नाही. आईंनी मात्र पदराच्या टोकानं त्याच्या कपाळावरचा घाम टिपला आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

"धर की थोडा येळ," त्या म्हणाल्या. "लेकाच्या घरी आलीये मी."