चादरींच्या ढिगावरचा फोटो

मी एक जुना कॅमेरा आहे. सहली आणि वाढदिवस टिपण्यात माझं तरुणपण मजेत गेलं. "काय सुरेख फोटो येतात हो याचे!" असं कौतुकही वाट्याला आलं. पुढे ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला आणि मी कपाटात धूळ खात पडलो.

मित्रांनो, तिथून मला बाहेर काढलं ते घरातल्या लेकीने. ती कामाच्या जागांवर संशोधन करत होती. तिथल्या माणसांच्याच हाती कॅमेरा द्यायचा, त्यांना दिसेल तसं त्यांचं काम टिपू द्यायचं आणि मग ते फोटो समोर ठेवून त्यांना बोलतं करायचं, अशी तिची पद्धत होती.

असा मी एका मोठ्या रुग्णालयाच्या लाँड्रीत पोहोचलो. वाफेने माझी काच सारखी धुरकट व्हायची. तिथे दोन जावा शेजारी शेजारी उभ्या राहून चादरींच्या घड्या घालत. धाकटी पोटुशी होती. दुपारपर्यंत तिचे पाय सुजत. एकदा ती चादरींच्या ढिगाला टेकली आणि तिचा डोळा लागला. थोरलीने मला उचललं आणि हळूच बटण दाबलं.

"हा का काढलात?" लेकीने नंतर विचारलं.

"अहो मॅडम, इथे बसायला साधं बाकडं नाही. ही पोर दिवसभर उभी असते. कोणाला तरी दिसायला नको का?" थोरली म्हणाली. धाकटीने लाजत मान हलवली.

व्यवस्थापकांनी फोटो मागितले. बायकांचं बोलणं अजून लिहून व्हायचं होतं. ते मागाहून देऊ, असं म्हणून लेकीने नुसते फोटो पाठवले.

"बघा, कामाच्या वेळी झोपा काढतात!" फोटो पाहून मुकादम म्हणाला. दुसऱ्याच दिवशी धाकटीला घरी बसवलं.

लेक मला घेऊन त्यांच्या घरी गेली. धाकटी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"अगं, तुझ्यासाठीच काढला होता गं," थोरली पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"मला माहीत आहे, जाऊबाई. साहेबांना कुठे माहीत होतं?"

लेक तडक व्यवस्थापकांकडे गेली आणि थोरलीचं सगळं बोलणं तिने त्यांना वाचून दाखवलं. लाँड्रीत बाकडं आलं, पण धाकटीची जागा तोवर भरली होती. थोरली त्या बाकड्यावर कधीच बसली नाही.

"हा फोटो प्रबंधात ठेवू का?" लेकीने धाकटीला विचारलं.

"नको. पुसून टाका."

लेकीने तिच्यासमोरच तो पुसला.

आता मी पुन्हा कपाटात आहे. मित्रांनो, मला कोरड्या फडक्याने पुसत जा, एवढंच मी एरवी मागितलं असतं. पण आज वेगळंच मागतो. मला दमलेलं माणूस दिसतं. ते का दमलं, हे मला सांगता येत नाही. ते सांगणाऱ्याला माझ्या फोटोपासून तोडू नका.