दोन चाकांमधला उजेड

चौदा वर्षांत सिल्वियो नोआकनं एकदाही शेवटची रेषा ओलांडली नाही. त्याचं कामच तसं. लाकडी ट्रॅकवरच्या आमच्या सांघिक सायकल शर्यतीत तिघं एकामागोमाग सुटतात. पहिला पुढे राहून वारा अंगावर घेत एक फेरा ओढतो आणि ट्रॅकच्या चढत्या कडेवर निघून जातो. दुसरा पुढचा फेरा ओढतो, तोही निघून जातो. मग तिसरा एकटा उरतो, आणि त्याची वेळ ती सगळ्यांची वेळ. तो तिसरा मी. फोटो माझा निघायचा. सिल्वियो तोवर लाकडी उतारावर, मान खाली घालून, सांडलेला श्वास गोळा करत असायचा.

मधला फाल्क. मांड्या झाडाच्या बुंध्यासारख्या, जीभ त्याहून जड. चौतिशीतल्या सिल्वियोला तो म्हातारबा म्हणायचा, आणि सिल्वियो हसून घ्यायचा. आम्ही तिघंही जर्मनीतल्या कॉटबुसचे. सिल्वियोची आई श्प्रेवाल्डातल्या आपल्या गावाहून प्रत्येक मोठ्या शर्यतीला खारवलेल्या काकड्यांची बरणी पाठवायची. पायांत गोळे येऊ नयेत म्हणून त्यातलं खारं पाणी आम्ही घोटघोट प्यायचो. झाकणावर तिघांची नावं, सुटायच्या क्रमानं: सिल्वियो, फाल्क, टिलो.

बर्लिनच्या स्पर्धेतल्या अंतिम फेरीच्या सकाळी बुडर, आमचे प्रशिक्षक, आडपडदा न ठेवता बोलले. पहिला फेरा वेळेत झाला आणि बदल स्वच्छ झाला, तर पुढच्या उन्हाळ्यात ऑलिम्पिकला सिल्वियो; नाहीतर राखीवमधला मार्विन. सिल्वियोनं मान डोलावली आणि बरणीचं झाकण उघडलं.

दुपारच्या फेरीत तो वाऱ्यासारखा गेला. तरी फाल्कची कुरकुर होतीच, की पुढे म्हातारबा असल्यानं आपला वेग अडतो. सिल्वियोनं त्याला एवढंच सांगितलं, की सुरुवातीला फट मोठी ठेव, आणि रेषेआधी ती संपवू नकोस.

त्या फटीवर सगळं असतं. दुसऱ्यानं सुटताना मुद्दाम थोडं मागे राहायचं, मग वेग गोळा करत यायचं, आणि पहिला बाजूला होतो नेमक्या त्या क्षणी त्याच्या मागून सुटायचं. लवकर पोचलास तर पुढे जागाच नसते. चाकाला चाक लागलं की तिघंही लाकडावर. आणि पहिल्याला तरी कुठे हलता येतं? रेषेच्या अलीकडे-पलीकडे आखलेला एक पट्टा आहे, बदल तिथंच व्हायचा. वीतभर आधी हललास तरी पंच निकाल फिरवतात.

अंतिम फेरीत समोर डच होते. सुटलो. मी नेहमीसारखा फाल्कच्या कमरेवरून पुढे बघत होतो. त्या दोघांच्या चाकांमध्ये दिव्यांचा उजेड लाकडावर पडतो, तो तुकडा मी कधी नजरेआड करत नाही. पहिल्या वळणावर तो चादरीएवढा होता. शेवटच्या वळणावर दोऱ्याएवढा झाला. मग विझला. फाल्कचं पुढचं चाक सिल्वियोच्या मागच्या चाकाला लागायच्या बेतात आलं, आणि पट्टा अजून दोन सायकली लांब होता.

सिल्वियोनं पाठीमागचा आवाज ऐकला असणार. तो वर निघाला. फाल्क गेला, मी गेलो. डचांच्या आधी रेषा मी ओलांडली, आणि हात वर केले.

थोड्या वेळानं फलकावर आमचं नाव खाली सरकलं. पहिल्या खेळाडूचा बदल वेळेआधी. सुवर्ण डचांना.

खोलीत बुडरनी चित्रफीत दाखवली. ती समोरून घेतलेली होती. सिल्वियो हललेला स्वच्छ दिसत होता, त्याच्या मागे आलेलं फाल्कचं चाक नव्हतं दिसत.

“तो माझ्या चाकावर चढला होता,” सिल्वियो म्हणाला.

“मी वेळेवरच होतो. म्हातारबा घाबरला, दुसरं काय.” फाल्क बुटाचा पट्टा सोडत होता. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

बुडर माझ्याकडे वळले. “टिलो, तू मागे होतास. काय दिसलं?”

पुढच्या उन्हाळ्यात पहिला कुणीही असो, माझ्यापुढे फाल्कच असणार होता. माझा वेग त्याच्या पाठीतून यायचा.

“मी खाली बघत होतो,” मी म्हणालो.

बक्षीस घ्यायला रांगेत उभे असताना सिल्वियो माझ्या कानाशी आला. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

“तू खाली बघणारा असतास ना टिलो, तर आपण या सहा वर्षांत दहा वेळा पडलो असतो.”

मग रुपेरी पदक गळ्यात घालून घ्यायला त्यानं मान वाकवली. त्या फोटोत मात्र तो आहे.

पुढच्या उन्हाळ्यात, निघायच्या आठवड्यात, सराव शिबिरात बरणी आली. झाकणावर सिल्वियोच्या आईचं तेच गोल गोल अक्षर: मार्विन, फाल्क, टिलो. मार्विनचं नाव तिला दुसरं कोण सांगणार?

फाल्कनं पहिला घोट घेतला, यंदा मीठ झकास पडलंय म्हणाला आणि बरणी पुढे केली. मार्विननं झाकण हातात घेऊन उलटसुलट केलं. त्यानं मला विचारलं, ही बरणी कोण पाठवतं, आणि त्यांना माझं नाव कसं माहीत?

त्या दिवशी मी खरोखरच खाली बघत होतो.