गोल सुळ्याचा डुक्कर

देश स्वतंत्र होऊन तीन आठवडे झाले तरी आमच्या सांतो बेटावर वेगळं राज्य मागणाऱ्या बंडवाल्यांचाच झेंडा होता. तो उतरवायला पापुआ न्यू गिनीचे सैनिक आले. आमच्या गावातली लढाई म्हणजे बंडवाल्यांनी रस्त्यात आडवे टाकलेले माडाचे ओंडके त्या सैनिकांतल्या कॉर्पोरल सिवीने हलवले आणि बंडवाले धनुष्यबाण टाकून पळाले. तरी उपकार तो उपकारच.

माझा मामा मोलिताऊ गावाचा मुखिया. नऊ वर्षं त्याने एक डुक्कर पोसला होता. वरचे दात पाडून, हाताने भरवून. खालचा सुळा वळत वळत पुरता गोल झाला होता. येत्या सणाला तो बळी दिला की मामा मुखियांतल्या सगळ्यात वरच्या पायरीवर चढणार होता. पण उपकाराची फेड म्हणून सैनिकांना द्यायचा तर तोच डुक्कर, असं गाव म्हणू लागलं. मामाच्या भाऊबंदांचा आवाज त्यात सगळ्यात मोठा.

मामाही काही कमी नव्हता. विमानात डुक्कर नेता येतो का, याची त्याने तळावर जाऊन आधीच चौकशी केली. येत नव्हता.

"भाच्या," तो मला म्हणाला, "दिल्याचं नाव होईल आणि डुक्कर आपल्याच दाराशी राहील."

निरोपाच्या दिवशी मामाने लांबलचक भाषण करून दोरी सिवीच्या हातात दिली. सिवी डोंगराकडचा, त्याच्याकडेही डुकरावर माणसं जीव टाकतात. त्याचे डोळे भरून आले.

"दादा, भावाने दिलेला डुक्कर जिवंत ठेवला तर आमच्यात त्या भावाला परका मानल्यासारखं होतं."

डुक्कर भाजण्यासाठी सैनिकांनी दगड तापवायला घेतलेसुद्धा. पाठीची चरबी, मानाचा वाटा, मामाला मिळाली. त्याने ती मुकाट्याने गिळली. मला वाईट वाटत होतं, हसूही येत होतं.

मामीला मात्र राहवलं नाही. तिने सिवीला सगळं सांगून टाकलं. त्याचा घास हातातच राहिला. मग त्याने सुरीने स्वतःच्या बाहीवरच्या हुद्द्याच्या दोन फिती उसवल्या आणि मामाच्या सदऱ्याच्या बाहीला टाचल्या.

"माझ्याकडे पायरी एवढीच आहे, दादा. सहा वर्षं लागली."

साहेबाला तो काय सांगणार, असं मामीने विचारलं. काट्यांत फाटल्या म्हणेन, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी विमानाजवळ सैनिक रांगेत उभे होते. मामाचं मन भरून आलं आणि त्याने पुढे होऊन, फितीवाला हात उचलून, सिवीला कडक सलाम ठोकला. साहेबाने सलाम पाहिला. फितीही पाहिल्या. सिवीची रवानगी रांगेच्या शेवटी, साध्या शिपायांत झाली, पण जाताना तो हसत होता.

पुन्हा तसा डुक्कर पोसण्याइतकं आयुष्य मामाकडे उरलं नव्हतं. तो गेला तेव्हा गावात सगळे त्याला कॉर्पोरलच म्हणत होते. सुरुवातीला चेष्टेने म्हणायचे.